मेणाच्या घराचे बंद दार : शशी देशपांडे यांच्या कादंबऱ्यांतील विवाह, मातृत्व आणि एकाकीपण

कावळ्याचे घर शेणाचे आणि चिमणीचे घर मेणाचे, ही गोष्ट न ऐकता मराठी घरातील मूल सहसा मोठे होत नाही. पावसात कावळ्याचे घर वाहून जाते, तो चिमणीच्या दारात येऊन उभा राहतो आणि चिमणी दार उघडत नाही. न उघडण्याची कारणे तिच्यापाशी तयार असतात. बाळाला न्हाऊ घालायचे असते, अंग पुसायचे असते, भरवायचे असते, काजळतीट करायची असते, निजवायचे असते. कावळा भिजत राहतो. अखेरीस दार उघडते ते त्याला तापलेल्या तव्यावर बसविण्यासाठी. ही गोष्ट शशी देशपांडे यांच्या 'दॅट लाँग सायलेन्स' (१९८८) या इंग्रजी कादंबरीत आली आहे. कादंबरीची नायिका जया हिला ती लहानपणची गोष्ट म्हणून आठवते आणि आठवताना खटकते. घरात राहावे, पिल्ले सांभाळावीत, बाहेरच्या जगाला उंबऱ्याशी अडवावे, म्हणजे आपल्याला काही होत नाही, असे ही गोष्ट पिढ्यान्‌पिढ्या मुलींना सांगत आली. जयाने सर्व काही त्या शिकवणुकीप्रमाणे केले आहे, आणि तरीही तिचे घर वितळू लागले आहे.

या गोष्टीतील एक बाब सहसा कोणाच्या लक्षात येत नाही. तीत चिमणा कोठेच नाही. घर चिमणीचे, बाळ चिमणीचे, निर्णयही चिमणीचाच. दार बंद ठेवण्यासाठी ती नवऱ्याचे नाव एकदाही घेत नाही. प्रत्येक वेळी नाव निघते ते बाळाचे. देशपांडे यांच्या कादंबऱ्यांवर आपल्याकडे, विशेषतः महाविद्यालयीन पातळीवर, जे लेखन झाले आहे ते मात्र प्रामुख्याने चिमण्याचा शोध घेणारे आहे. पती-पत्नींचे ताणलेले नाते, पुरुषप्रधान व्यवस्था, पत्नीची घुसमट, शेवटी तिला आलेले आत्मभान, अशा क्रमाने ही मांडणी होते. ती चुकीची नाही, पण अपुरी आहे. विवाहाविषयीचे मौन या कादंबऱ्यांतील स्त्रिया आज ना उद्या मोडतात. मातृत्वाविषयीचे मौन मोडणे मात्र त्यांना अतिशय जड जाते. आणि त्यांच्या एकाकीपणाचे मूळ या दुसऱ्या मौनात अधिक खोलवर आहे, असे प्रस्तुत लेखाचे प्रतिपादन आहे.

शशी देशपांडे यांचा जन्म १९३८ मध्ये धारवाड येथे झाला. वडील आद्य रंगाचार्य तथा 'श्रीरंग' हे कन्नडमधील थोर नाटककार, आई मराठी. घरात कन्नड व मराठी आणि शाळेत इंग्रजी अशा तीन भाषांच्या सान्निध्यात त्यांची घडण झाली. पुढे त्यांचे वास्तव्य मुंबईतही झाले. 'दॅट लाँग सायलेन्स'ला १९९० चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. दादर आणि चर्चगेट या दोन घरांमध्ये हेलकावे खाणारी ही कादंबरी इंग्रजीत लिहिलेली असली तरी तिच्यातील माणसे वनितामामी, मकरंदमामा, रामूकाका अशीच एकमेकांना हाक मारतात. मामी म्हणजे कोण, हे मराठी वाचकाला तळटीप देऊन सांगावे लागत नाही. असे असूनही ही कादंबरी इंग्रजी विभागात भारतीय इंग्रजी साहित्याचा नमुना म्हणून शिकविली जाते आणि मराठी विभागात ती आपली मानलीच जात नाही. परिणामी चिऊ-काऊची गोष्ट ज्यांच्या कानात आहे त्यांच्यापर्यंत कादंबरी पोहोचत नाही आणि ज्यांच्यापर्यंत ती पोहोचते त्यांतील अनेकांना ती गोष्ट केवळ एक लोककथा वाटते.

'दॅट लाँग सायलेन्स'चे कथानक थोडके आहे. जयाचा पती मोहन हा अभियंता असून नोकरीतील गैरव्यवहाराच्या चौकशीत अडकण्याच्या बेतात आहे. प्रकरण निवळेपर्यंत दृष्टीआड राहावे म्हणून तो पत्नीसह दादरच्या जुन्या, लहानशा सदनिकेत येऊन राहतो. राहुल आणि रती ही मुले परिचितांबरोबर सहलीला गेली आहेत. म्हणजे नेमके असे, की बाळाला न्हाऊ घालण्याचे, भरविण्याचे काम या घरात नाही. दार न उघडण्याचे कारणच तात्पुरते दूर झाले आहे. कादंबरीतील सारे आत्मपरीक्षण या रिकाम्या दिवसांत घडते, ही योजना सहज झालेली नाही. मुले घरात असती तर जयाला स्वतःकडे पाहण्यास सवड झाली नसती. तशी सवड नसणे हीच आजवर तिची सुरक्षितता होती.

विवाहाच्या संदर्भात जया जे बोलते ते आता सर्वपरिचित झाले आहे. एका जोखडाला जुंपलेल्या दोन बैलांची प्रतिमा, लग्नात बदललेले 'सुहासिनी' हे नाव, पती म्हणजे सावली देणारा वृक्ष असा वनितामामीचा उपदेश, कुळाच्या वंशवृक्षात रामूकाकांनी गाळलेली स्त्रियांची नावे, हे सर्व तपशील शोधनिबंधांतून वारंवार उद्धृत होतात. त्या मानाने एका कबुलीकडे दुर्लक्ष होते. जया लेखिका आहे. पत्नीजवळ केवळ शरीराच्या वाटेने पोहोचू शकणाऱ्या पुरुषाची कथा तिने लिहिली, तिला पारितोषिक मिळाले आणि मोहन दुखावला. जयाने तसे लिहिणे सोडले व 'सीता' या नावाने वृत्तपत्रात हलकेफुलके सदर चालविले. मोहनने आपले लेखन थांबविले, असे ती अनेक वर्षे स्वतःला सांगत आली. दादरच्या त्या दिवसांत तिला कबूल करावे लागते की अपयशाची भीती तिची स्वतःची होती आणि मोहन हा सोयीचा आडोसा होता. वरच्या मजल्यावरच्या कामत यांनी तिला हे पूर्वीच सुनावले होते. हा प्रौढ, एकटा राहणारा गृहस्थ तिच्या लेखनाकडे गांभीर्याने पाहणारा एकमेव वाचक होता. आणि तो मरून पडलेला दिसताच जया कोणालाही न सांगता निघून आली. आपण तेथे का गेलो होतो, हे कोणाला सांगावे लागू नये म्हणून. कामत यांच्या या मृत्यूत कावळ्याची आठवण होते. चिमणीने त्याला आत घेतले नाही असे नव्हे. चिमणी स्वतःच त्याच्या दारात गेली होती, आणि तिला ते लपवायचे होते.

याच ओघात कादंबरीत आणखी एक गोष्ट येते, आणि येताना जवळजवळ घसरून पडल्यासारखी येते. मोहनला न सांगता जयाने एकदा गर्भपात करवून घेतला आहे. लेखनाविषयीचा कबुलीजबाब ती विस्ताराने देते, कामत यांच्याविषयीही अखेरीस देते. न जन्मलेल्या या मुलाविषयी मात्र तिची भाषा अडखळते. राहुलशी आपला धागा जुळत नाही, हे दुःख आणि ते न जन्मलेले मूल यांचा संबंध तिच्या मनात कोठेतरी आहे. पण तो जोडून दाखविण्याचे धैर्य तिला होत नाही. वाचकालाच तो जोडावा लागतो. विवाहावर सडेतोड भाष्य करणारी ही निवेदक स्त्री मातृत्वाजवळ आली की पुन्हा 'सीता' या सदराच्या आवाजात बोलू लागते, हे सूक्ष्म वाचनात जाणवल्यावाचून राहत नाही.

मोहनच्या आईचे आणि बहिणीचे मृत्यू या संदर्भात पाहिले पाहिजेत. रात्री उशिरा येणाऱ्या पतीसाठी चुलीसमोर बसून ताजा भात रांधणारी आणि त्याने ताट भिरकावल्यावर निमूटपणे पुन्हा रांधावयास बसणारी आई मोहनला कणखर वाटते. जयाला तीत कणखरपणा न दिसता हताशा दिसते. नको असलेले गरोदरपण संपविण्याच्या खटाटोपात ही स्त्री मरण पावते. बहीण विमला अंडाशयाच्या विकाराने रक्तस्राव होत असताना अंथरुणावर पडून राहते. तिची सासू असल्या दुखण्यासाठी बायका रुग्णालयात जात नाहीत असे मानणारी. दोघींच्या मृत्यूचे स्थान एकच, आणि दोघींनीही तोंडातून 'ब्र' काढला नाही. पत्नी म्हणून सोसलेला छळ निदान मोहनच्या स्मृतीत दृश्य होऊन उरतो. आईपणाच्या अवयवांनी दिलेले मरण मात्र घरातील कोणाच्याही भाषेत बसत नाही.

जीजा या मोलकरणीचे पात्र तर याहून पुढचे आहे. तिचा नवरा दारुडा होता, त्याने दुसरी बायको केली. जीजाची तक्रार नाही. आपण त्याला मूल देऊ शकलो नाही, मग त्याला दोष कसा द्यावा, असा तिचा हिशेब आहे. सवतीचा मुलगा ती वाढविते, त्याची बायको तारा नवऱ्याला शिव्याशाप देऊ लागली की तिला गप्प करते. येथे विवाहातील अन्यायाला समर्थन मिळते ते पातिव्रत्याच्या कल्पनेतून नव्हे, वांझपणाच्या अपराधभावातून. विवाहसंस्थेचा पाया कोणत्या दगडावर उभा आहे हे जीजाला जयापेक्षा अधिक नेमके ठाऊक आहे.

देशपांडे यांच्या आधीच्या 'द डार्क होल्ड्स नो टेरर्स' (१९८०) या कादंबरीत हा प्रश्न मुलीच्या बाजूने मांडला गेला होता. डॉक्टर असलेली सरिता ही पतीच्या रात्रीच्या हिंसेपासून सुटका म्हणून माहेरी येते, पण माहेर हेच तिच्या पहिल्या जखमेचे ठिकाण आहे. धाकटा भाऊ ध्रुव बुडून मेला तेव्हा मुलाऐवजी मुलगी वाचली याचा राग आईने तिच्यावर काढला होता. आई आता हयात नाही, त्यामुळे भांडण पूर्ण होण्याची शक्यताही उरलेली नाही. पतीच्या हिंसेचे वर्णन त्या काळाच्या मानाने धीट होते आणि त्याचीच चर्चा अधिक झाली. वस्तुतः कादंबरीचा गुरुत्वमध्य मृत आईच्या रिकाम्या खोलीत आहे.

'द बाइंडिंग व्हाइन' (१९९३) मध्ये याच प्रश्नाची उलट बाजू दिसते. ऊर्मी या प्राध्यापिकेची तान्ही मुलगी अनू नुकतीच वारली आहे. या शोकात तिच्या हाती सासूची, मीराची, वही आणि कविता लागतात. ही सासू म्हणजे पतीची जन्मदात्री. बाळंतपणातच ती गेली. अंगावर येणाऱ्या, नको असलेल्या पतीविषयी तिने कन्नडमध्ये जे लिहून ठेवले ते घरातील कोणी वाचले नव्हते. मीराच्या कवितांतील वैवाहिक बलात्कार हा या कादंबरीच्या चर्चेचा केंद्रबिंदू ठरला, आणि ते योग्यच आहे. या विषयाला कथात्म साहित्यात तेव्हा फारसे स्थान नव्हते. पण ऊर्मीचे स्वतःचे गाऱ्हाणे नवऱ्याविरुद्ध नाही, आईविरुद्ध आहे. लहानपणी आईने आपल्याला आजीकडे पाठवून दिले, हा राग तिने आयुष्यभर जपला. कादंबरीच्या उत्तरार्धात कळते की तो निर्णय वडिलांचा होता. घरातील गड्याच्या भरवशावर मुलीला ठेवून आई बाहेर गेली, याची ती शिक्षा होती. शिक्षा आईला आणि पाठवणी मुलीची. आईने हे इतकी वर्षे सांगितले का नाही? पतीला उघडे पाडणे तिला जमले नाही, हे एक उत्तर. दुसरे उत्तर अधिक कठोर आहे. आपण एकदा मुलीला सोडून बाहेर गेलो होतो हे मुलीसमोर उच्चारण्यापेक्षा तिचा राग सोसणे आईला सोपे वाटले. एका दुपारच्या अनुपस्थितीसाठी एक स्त्री आयुष्यभर 'वाईट आई' हे बिरुद निमूटपणे वागविते. येथे नवरा कारण आहे, परंतु मौनाला कुलूप लागले आहे ते आईपणाचे.

या दृष्टीने देशपांडे यांची सर्वांत समृद्ध कादंबरी 'अ मॅटर ऑफ टाइम' (१९९६) ही होय. तिचे कथानक वरवर पाहता साधे आहे. गोपाल हा प्राध्यापक एके दिवशी पत्नी सुमी आणि तीन मुली यांना सोडून निघून जातो. भांडण नाही, दुसरी स्त्री नाही, सांगता येईल असे कारणही नाही. सुमी त्याला काही विचारत नाही. थोरली मुलगी अरू मात्र चिडते, जाब विचारते, वकिलाकडे जाते. सुमी मुलींसह माहेरच्या मोठ्या घरात परत येते. या घराचे नाव 'विश्वास' आहे, आणि घरात तीस-पस्तीस वर्षे पतीने पत्नीशी एक शब्द उच्चारलेला नाही.

गोपालच्या जाण्यास आपल्या परंपरेत आधार आहे. कादंबरीतच याज्ञवल्क्य आणि मैत्रेयी यांची आठवण जागविली आहे. सिद्धार्थाची आठवण वाचकाला आपोआप होते. पुरुष 'घर सोडतो', तेव्हा त्याच्या जाण्याला वैराग्याची झळाळी असते. मराठीत स्त्रीच्या बाबतीत क्रियापद बदलते. ती 'निघून जाते', नाही तर तिला 'टाकतात'. टाकलेली बाई हा शब्दप्रयोग आपण इतक्या सहजतेने वापरतो की त्यातील वस्तुवाचकता जाणवतच नाही. सुमीचे वैशिष्ट्य असे की ती या दोन्ही क्रियापदांत बसत नाही. तिची सल मुलींपुढे सांगण्याजोगी कथा आपल्याजवळ नाही, एवढ्यापुरती मर्यादित राहते. एकटेपणाची तिला भीती वाटत नाही. ती नोकरी शोधते, दुचाकी शिकते, नाटक लिहिते. एकटी असूनही ती एकाकी नाही, हे मराठीत एका वाक्यात म्हणता येते. इंग्रजीत लिहिणाऱ्या देशपांडे यांना त्यासाठी संपूर्ण कादंबरी लिहावी लागली, असे थोड्या अतिशयोक्तीने म्हणावेसे वाटते.

एकाकी आहे ती सुमीची आई कल्याणी. तिची कहाणी कादंबरीत हळूहळू, तुकड्यातुकड्यांनी उलगडते. कल्याणीच्या आईला, मनोरमेला, मुलगा नव्हता. मालमत्ता घरातच राहावी म्हणून तिने मुलीचे लग्न स्वतःच्या भावाशी, श्रीपतीशी लावून दिले. मुलीला स्वतःचे मन असेल हा प्रश्न तेव्हा कोणाला पडलाच नाही. दोन मुलींनंतर कल्याणीला मुलगा झाला, तोही मतिमंद. मुंबईच्या व्ही. टी. स्थानकावर गाडीची वाट पाहत असताना चार वर्षांचा तो मुलगा गर्दीत हरवला. श्रीपती वेड्यासारखा त्याला शोधत राहिला. परतल्यावर तो वरच्या मजल्यावर गेला, आणि त्यानंतर पत्नीशी बोलला नाही. कल्याणी खाली, श्रीपती वर. जेवण वर जाते, ताट खाली येते. कपाळाला कुंकू आहे, समाजाच्या लेखी संसार चालू आहे.

हा प्रसंग वाचताना श्रीपतीच्या क्रौर्याची चीड येणे स्वाभाविक आहे. पण देशपांडे तेवढ्यावर थांबत नाहीत, आणि येथे त्यांच्या लेखणीचे सामर्थ्य दिसते. श्रीपतीचे मौन कल्याणीला शिक्षा वाटतच नाही. ती त्याला आपल्या अपराधाचे योग्य माप मानते. मूल हरवणारी आई, या एका वाक्यापुढे तिला स्वतःच्या बाजूने काही बोलता येत नाही. घटना घडली तेव्हा दोन मुली आणि तो मुलगा यांना ती एकटीच सांभाळत बसली होती, ही साधी गोष्टसुद्धा तिच्या बचावात कोणी मांडलेली नाही, तिनेही नाही. आणि एक शंका कादंबरीत रेंगाळत राहते, जिचे उत्तर लेखिका देत नाही. ते मूल खरोखर हरवले, की क्षणभर हात सुटू दिला गेला? या शंकेचे उत्तर न देण्यात कादंबरीची प्रतिष्ठा आहे. उत्तर दिले असते तर कल्याणी एक तर निरपराध ठरली असती किंवा गुन्हेगार. दोन्ही प्रकारे तिचे एकाकीपण संपले असते. अखेरीस सुमी आणि श्रीपती अपघातात एकाच वेळी जातात, आणि ज्याने तीस वर्षे शब्द उच्चारला नाही त्याच्यासाठी कल्याणी आक्रोश करते. मागे उरतात कल्याणी आणि अरू: जिने कधीच विचारले नाही ती आणि जी विचारल्याशिवाय राहत नाही ती.

'स्मॉल रेमेडीज' (२०००) या कादंबरीत आईपण आणि कला यांचा झगडा आहे. सावित्रीबाई इंदोरेकर या ग्वाल्हेर घराण्याच्या गायिकेचे चरित्र लिहिण्याचे काम मधू हिच्याकडे आले आहे. बाबरी मशीद पाडल्यानंतर मुंबईत उसळलेल्या हिंसाचारात मधूचा एकुलता मुलगा आदित्य मरण पावला आहे. सावित्रीबाई घराणे, गुरू, मैफली यांविषयी भरभरून बोलतात. मुन्नी या मुलीविषयी एक अक्षरही काढत नाहीत. मुन्नी ही त्यांना घर सोडून आल्यानंतर तबलजी गुलामसाहेबांपासून झालेली मुलगी. ब्राह्मण घरातील सुनेने संगीतासाठी घर सोडले, हे सावित्रीबाई अभिमानाने सांगू शकतात. तेवढा विवाहद्रोह प्रतिष्ठेच्या कथेत सामावून जातो. मुलगी मात्र सामावत नाही. दुसरीकडे मुन्नीनेही मोठेपणी दुसरे नाव धारण करून आईला आपल्या आयुष्यातून पुसून टाकले आहे. जिचे मूल गेले ती मधू, जिने मूल पुसले त्या बाईचे चरित्र लिहीत आहे, ही रचना फार बोलकी आहे. मात्र देशपांडे येथे मधूला थोडी झुकते माप देतात. सावित्रीबाईंच्या मौनाकडे मधूच्या शोकाच्या दृष्टीने पाहिले जात असल्यामुळे कलावंत स्त्रीला आपली बाजू मांडण्यास पुरती जागा मिळत नाही. गाणाऱ्या पुरुषाच्या चरित्रात मुलांचा उल्लेख राहून गेला असता तर चरित्रकाराला त्याची एवढी टोचणी लागली असती का, हा प्रश्न कादंबरी स्पर्श करून सोडून देते.

मराठीतील समकालीन लेखिकांशी तुलना येथे अपरिहार्य आहे. 'एकेक पान गळावया' (१९८०) पासूनच्या गौरी देशपांडे (१९४२–२००३) यांच्या नायिका देश ओलांडतात, परक्या माणसांवर प्रेम करतात, नात्यांना बुद्धीच्या कसोटीवर घासून पाहतात. शशी देशपांडे यांच्या नायिका संकटात सापडल्या की जुन्या घराकडे वळतात: सरिता माहेरी, जया मामाच्या सदनिकेत, सुमी 'विश्वास'मध्ये. एका आडनावाच्या या दोन लेखिकांनी एकाच काळात विरुद्ध दिशांना प्रवास केला. कविता महाजन (१९६७–२०१८) यांच्या 'ब्र' (२००५) या कादंबरीत तिसरी वाट दिसते. विवाह मोडलेली, मुलापासून दुरावलेली प्रफुल्ला सामाजिक कार्याच्या निमित्ताने पंचायतीतील आदिवासी स्त्री-सरपंचांपर्यंत पोहोचते आणि तिचे एकाकीपण इतर बायकांच्या बोलण्यात विरघळते. शीर्षकच बोलण्याच्या पहिल्या अक्षराचे आहे. मुलाच्या ताटातुटीची वेदना 'ब्र'मध्ये आहे, पण तिला मार्ग मिळतो तो सार्वजनिक जीवनात. शशी देशपांडे यांना हा मार्ग सहजासहजी मान्य होत नाही. व्यक्तिगत जीवनात त्यांनी सार्वजनिक भूमिका टाळलेली नाही, एम. एम. कलबुर्गी यांच्या हत्येनंतर अकादमीने बाळगलेल्या मौनाच्या निषेधार्थ २०१५ मध्ये त्यांनी साहित्य अकादमीच्या सर्वसाधारण सभेचे सदस्यत्व सोडले होते. कादंबरीकार म्हणून मात्र घराच्या आतली मौने बाहेर येऊन सुटतात यावर त्यांचा विश्वास नाही.

म्हणूनच 'मौनाकडून वाणीकडे' हे सूत्र त्यांच्या साहित्याला लावताना सावध राहणे आवश्यक आहे. 'दॅट लाँग सायलेन्स'च्या शेवटी जया यापुढे बोलण्याचा निश्चय करते, आणि बहुसंख्य शोधनिबंध तेथे समाधानाने संपतात. तो शेवट कादंबरीचा सर्वांत दुबळा भाग आहे. मोहन परत येणार असल्याचे कळते, राहुल सापडतो, आणि निश्चय होतो. पण काय बोलणार, कोणाशी, त्या गर्भपाताविषयी बोलणार का, याचा पत्ता नाही. पाच वर्षांनी लिहिलेल्या 'द बाइंडिंग व्हाइन'मध्ये लेखिकेने जणू आपल्याच त्या शेवटाची तपासणी केली आहे.

त्या कादंबरीत ऊर्मीला रुग्णालयात शकुताई भेटते. तिची मुलगी कल्पना बलात्कारानंतर बेशुद्धावस्थेत पडली आहे. शकुताईला प्रकरण दडपावयाचे आहे. धाकट्या मुलीचे लग्न कसे होणार, ही तिची चिंता. ऊर्मीच्या मध्यमवर्गीय, शिक्षित नीतीला हे पटत नाही. तिच्या पुढाकाराने प्रकरण वृत्तपत्रांत जाते. कायद्याच्या आणि न्यायाच्या दृष्टीने ती बरोबर आहे आणि वाचकही तिच्याच बाजूने उभा राहतो. त्यानंतर उघड होते की बलात्कार करणारा पुरुष हा शकुताईच्या बहिणीचा, सुलूचा नवरा आहे. सुलूला मूल नाही. अंगावरच्या पांढऱ्या डागांमुळे नवरा टाकील या धास्तीत ती वर्षे काढत आली. त्याची नजर भाचीवर आहे हे तिला ठाऊक होते. कल्पनेला त्याची दुसरी बायको करून द्यावी, अशी मागणी घेऊन ती स्वतःच बहिणीकडे आली होती. सत्य बाहेर येताच सुलू स्वतःला जाळून घेते.

मीराच्या कविता अनुवादित करण्याचे ऊर्मीचे काम पुढे चालू राहते. मीराजवळ वही होती, जयाजवळ सदर होते, सावित्रीबाईंजवळ गाणे आणि चरित्रकार. सुलूची कहाणी आपल्याला कळते ती शकुताईच्या तोंडून, ती गेल्यानंतर, मोजक्या पानांत. दार बंद ठेवण्यासाठी पुढे करायला तिच्याजवळ बाळही नव्हते.